दंड कोणाच्या पदरात?

दिवाळी अंकात फौजदारी कायद्यावर लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटात काढा वाढण्यासारखे आहे, हे मी जाणतो. संपादकांनी माझ्याकडे मागितली होती कथा. कथेसाठी मनात घोळत असलेली गोष्टही दिवाळीचीच होती. पण ती कथा म्हणून लिहिली असती तर वाचकांनी चार क्षण हळहळून पान उलटले असते, आणि मला हळहळ नको आहे. वाचकांना राग यावा अशी माझी इच्छा आहे. म्हणून कथा बाजूला ठेवून हा लेख.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक इस्त्रीवाल्या मावशी बसतात. २०११ साली त्यांनी एका दिवाळी भिशीत पैसे घातले होते. आठवड्याला १०० रुपये, असे ५० आठवडे. आणि वसुबारसेच्या आत ५,००० चे साडेपाच हजार करून हातावर ठेवायचे, असा बोलीचा व्यवहार. भिशी चालविणाऱ्या गृहस्थाचे वह्या-पुस्तकांचे दुकान होते. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांच्या वह्या त्याच्याकडच्या. अशा माणसावर अविश्वास कोण दाखविणार? भांडी घासणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, पापड लाटणाऱ्या अशा ४१ जणी त्या भिशीत होत्या. मावशींच्या धाकट्या लेकीचा त्या वर्षी पहिला दिवाळसण. वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुकानाला कुलूप लागले ते लागलेच.

गृहस्थ पुढे सापडला. फिर्याद झाली, दोषारोपपत्र गेले, खटला उभा राहिला. बायकांचे अर्जबिर्ज मीच लिहून देत असे, त्यामुळे तारखांना मीही हजर राही. निकाल लागला २०१८ साली. फसवणूक सिद्ध झाली. २ वर्षे सक्तमजुरी, १०,००० रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी ३ महिने कैद. कोर्टाच्या व्हरांड्यात बायकांनी एकमेकींचे हात धरले. एकदोघींनी तर देवाला पेढे बोलले होते. मावशी तेवढ्या गप्प होत्या. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारले, "मास्तर, तो आत गेला, बरे झाले. पण माझे पाच हजार?"

मी म्हणालो, "मावशी, चौकशी करून सांगतो."

चौकशी केली. दंडाचे १०,००० रुपये त्या इसमाने त्याच दुपारी भरले होते आणि कारकुनाने त्याची रीतसर पावती फाडली होती. ते पैसे सरकारजमा झाले. मी गणिताचा शिक्षक नाही, पण एवढा भागाकार कोणालाही येतो: बुडालेली रक्कम २ लाख ५ हजार, दंड १० हजार, तो ४१ जणींत वाटला असता तर प्रत्येकीस २४३ रुपये ९० पैसे. म्हणजे तीनही आठवड्यांचे हप्ते नव्हेत. तेवढेही त्यांच्या हाती पडले नाहीत. ज्या सरकारचा त्या भिशीत एक पैसाही नव्हता, त्या सरकारला १० हजार मिळाले. सरकारी बाजू मांडणाऱ्या वकिलांना मी याविषयी विचारले. ते सज्जन होते. त्यांनी खरे उत्तर दिले. म्हणाले, "तुम्ही कोणी मागितलेच नाही."

या एका वाक्याविरुद्ध माझे भांडण आहे.

मागितले नाही, हे खरे. पण कायद्यात काय होते ते आता पाहू. पुढे मी ती पुस्तके स्वतः मिळवून वाचली आणि वाचता वाचता माझे डोके तापू लागले. त्या वेळी १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होती. तिचे कलम ३५७ सांगते की, न्यायालयाने दंड केला तर तो सगळा किंवा त्याचा भाग ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई म्हणून देता येतो. ही काही नवी उदारता नव्हे. इंग्रजांच्या १८९८ च्या संहितेतही कलम ५४५ खाली अशी तरतूद होती. म्हणजे निकालपत्रात एक ओळ जादा पडली असती तर ते १०,००० मावशींच्या आणि त्यांच्या सोबतिणींच्या वाटणीस आले असते. फार तर अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबावे लागले असते. ती ओळ पडली नाही.

कोणी म्हणेल, १० हजारांत काय होणार? प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला त्या काळी त्याहून अधिक दंड करण्याचा अधिकारच नव्हता. हेही खरे. पण त्याच कलमाचे तिसरे पोटकलम, जे १९७३ साली मुद्दाम घातले गेले, ते काय म्हणते? ज्या शिक्षेत दंडाचा भाग नाही, तिथे न्यायालयाला आरोपीस भरपाई देण्याचा हुकूम करता येतो, आणि तिला रकमेची मर्यादा घातलेली नाही. १० हजारांपलीकडे दंड करू न शकणारा दंडाधिकारीसुद्धा या पोटकलमाखाली लाखांची भरपाई देववू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली न वटलेल्या धनादेशाच्या एका खटल्यात स्पष्ट केले आहे. गंमत पाहा: १० हजारांचा दंड केला की २ लाखांचे दार कायद्याच्या शब्दांनीच बंद होते, आणि दंड केलाच नाही तर ते उघडते! ही गंमत वकिलांना ठाऊक असते. मावशींना ती कोणी सांगायची?

आणि समजा, न्यायाधीशांना वाटले की या गुन्ह्याला कैदही हवी आणि जबर दंडही हवा, तर त्यालाही वाट होती. कलम ३२५. आरोपी दोषी आहे, पण त्याला द्यावयाची शिक्षा आपल्या अधिकाराबाहेरची आहे, असे दंडाधिकाऱ्याचे मत झाले तर त्याने ते नोंदवून सगळे कागद आणि आरोपी मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवावयाचे. मुख्य न्यायदंडाधिकारी ७ वर्षांपर्यंत कैद देऊ शकतो आणि त्याच्या दंडाला ती १० हजारांची वेस नाही. तो २ लाख ५ हजार दंड करून त्यातून ४१ जणींची भरपाई देववू शकला असता. तीन वाटा होत्या, वाचकहो, आणि तिन्ही मोकळ्या होत्या. त्यांतल्या एकीवरही कोणी पाऊल ठेवले नाही.

याहून बारीक आणि याहून चीड आणणारी एक गोष्ट आहे. दंड न भरल्याबद्दलची जादा कैद आरोपीने पुरी भोगली, की मग सामान्यतः त्याच्या मालमत्तेवर दंडवसुलीचे वॉरंट निघत नाही. पण निकालात दंडातून भरपाई देण्याचा हुकूम असेल तर निघू शकते! म्हणजे निकालपत्रातली ती एक ओळ नुसती पैसे कोणाकडे जावयाचे हे ठरवीत नाही. ३ महिने तुरुंगाची भाकरी खाऊन देणे फिटते की नाही, हेही तीच ठरविते. एवढ्या वजनाची ती ओळ. आणि ती लिहावयाची की नाही हे कशावर अवलंबून, तर कोणी मागितले की नाही यावर!

बरे, हे काही माझ्यासारख्या शाळामास्तराचेच गाऱ्हाणे नाही. महाराष्ट्रातल्याच एका खुनाच्या खटल्याच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली खंत व्यक्त केली की न्यायालयांना कलम ३५७ चा विसरच पडला आहे. भरपाई द्यावी की न द्यावी, हे न्यायालयाच्या मर्जीवर असेल. पण तिचा विचार करणे हे मात्र प्रत्येक फौजदारी खटल्यात न्यायालयाचे कर्तव्य आहे, आणि विचार केल्याची कारणे निकालात दिसली पाहिजेत, असे त्या निकालाने सांगितले. त्याच्या प्रती सगळ्या उच्च न्यायालयांकडे धाडल्या, खालच्या न्यायाधीशांत फिरवाव्यात म्हणून. आमचा निकाल त्यानंतर ५ वर्षांनी लागला. ती प्रत आमच्या तालुक्यापर्यंत पोचायला ५ वर्षे अपुरी पडली असे म्हणावयाचे काय?

अपील करता आले असते, तेही आम्हांला कळले नाही. २००९ च्या अखेरीपासून गुन्ह्याने पोळलेल्या माणसाला, भरपाई अपुरी मिळाली एवढ्या कारणावरूनही, स्वतः अपील करण्याचा हक्क आहे. हा हक्क आमच्याकडे होता आणि आम्ही व्हरांड्यात पेढे वाटण्याच्या गोष्टी करीत होतो.

चूक पहिल्याच दिवशी झाली होती, असे आज मला दिसते. आपल्या महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा खास कायदा आहे. कोणत्याही योजनेखाली लोकांच्या ठेवी घेणारा, मग तो टोलेजंग इमारतीतला असो की वह्यांच्या दुकानातला, त्याच्या कक्षेत येतो. या कायद्याखाली सरकार बुडव्याची मालमत्ता जप्त करते. ती पुरी न पडली तर भागीदाराची, संचालकाची, व्यवस्थापकाचीही करते. उपजिल्हाधिकारी दर्जाचा सक्षम अधिकारी ती ताब्यात घेतो आणि नियुक्त न्यायालय तिची विक्री करवून ठेवीदारांत न्याय्य वाटणी करविते. या कायद्याची वाटही सरळ गेली नाही. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो घटनाबाह्य ठरविला होता. पण तमिळनाडूच्या अशाच कायद्याचा निवाडा करताना सर्वोच्च न्यायालयाने तो विचार मान्य केला नाही, आणि तो निवाडा मार्च २०११ चा, म्हणजे आमची भिशी बुडाली त्याच वर्षीचा, दिवाळीच्या सात महिने आधीचा! तरी आमच्या फिर्यादीत पोलिसांनी फसवणुकीचे आणि विश्वासघाताचे कलम लिहिले. हा कायदा लिहिला नाही. तो लिहिला असता तर त्या गृहस्थाचा बायकोच्या नावावरचा प्लॉट खटला चालू असताना विकला गेला नसता. तो विकला गेला, आणि ज्याने घेतला त्याच्या वास्तुशांतीचे आमंत्रण आमच्या शाळेलाही आले होते.

आता कायदे बदलले आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. ३५७ चे ३९५ झाले, ३२५ चे ३६४ झाले. दंडाधिकाऱ्याच्या दंडाची मर्यादा १० हजारांवरून ५० हजारांवर गेली. खरे नवे आहे ते कलम १०७. गुन्ह्यातून मिळविलेली मालमत्ता न्यायालयाने जप्त करावी, मालकास १४ दिवसांची नोटीस द्यावी, आणि ती गुन्ह्याचीच कमाई आहे असे ठरले तर जिल्हा दंडाधिकाऱ्यामार्फत ६० दिवसांत नुकसान झालेल्यांना प्रमाणात वाटावी. कोणी दावेदार नसेल, किंवा वाटून काही उरले, तर ते सरकारचे. आधी मावशी, मग सरकार! इतकी वर्षे उलटी असलेली रांग या कलमाने सुलटी केली, याबद्दल मी ते लिहिणाऱ्यांचे मनापासून अभिनंदन करतो.

पण अभिनंदनानंतर दोन प्रश्न. पहिला असा की, ही वाटणी न्यायालयाने केलीच पाहिजे असे कलम म्हणते; परंतु त्यासाठीचा अर्ज कोणी करावयाचा? तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने, आणि तोही वरिष्ठांच्या मंजुरीने, त्याला वाटले तर. मावशींनी अर्ज करावा अशी सोय त्या कलमाच्या शब्दांत नाही. घर मावशींचे आणि किल्ली फौजदाराच्या खिशात! दुसरा प्रश्न माझ्या पक्षाला अडचणीचा आहे, म्हणूनच तो झाकून ठेवणे मला बरे वाटत नाही. ही वाटणी करण्यास आरोपी दोषी ठरण्याची वाट पाहावी, अशी अट कलमात नाही. उद्या तो निर्दोष सुटला तर? वाटलेले पैसे ४१ घरांतून परत कसे गोळा करावयाचे? निरपराध माणसाचे घर लिलावात काढून मला मावशींची दिवाळी करावयाची नाही. जप्ती पहिल्या आठवड्यात व्हावी, विक्रीस व हस्तांतरास बंदी पडावी. वाटणी मात्र दोष सिद्ध झाल्यावर, त्याच निकालाच्या त्याच कागदावर व्हावी, असे माझे मत आहे. प्लॉट जागेवर राहिला तर मावशी थांबायला तयार आहेत. सात वर्षे त्या थांबल्याच होत्या.

मोठ्या आर्थिक गुन्ह्यांसाठी, ज्यांच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरलेली असतात, २००२ चा काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा कायदा आहे. त्यात रांग अजून जुन्याच वळणाची आहे. दोष सिद्ध झाला की मालमत्ता केंद्र सरकारची होते, आणि मग ज्यांचे नुकसान झाले त्यांना ती परत देण्याचा हुकूम न्यायालय करू शकते. २०१८ पासून खटला चालू असतानाही करू शकते. 'करू शकते'. या दोन शब्दांत किती माणसांच्या म्हातारपणाच्या पुंज्या अडकल्या असतील!

आपली फौजदारी व्यवस्था ज्या इंग्रजांकडून आली त्यांनी आपल्या घरी काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. इंग्लंड-वेल्समध्ये गुन्ह्याच्या कमाईविषयी २००२ चाच कायदा आहे. तिथल्या खालच्या न्यायालयात माणूस दोषी ठरला आणि सरकारी पक्षाने जप्तीच्या हुकमासाठी प्रकरण वर पाठवा म्हटले, तर ते क्राऊन कोर्टाकडे पाठवावेच लागते. आणि एकाच आरोपीवर जप्तीचाही हुकूम झाला, भरपाईचाही झाला, व त्याची ऐपत दोन्ही भागविण्याची नाही असे दिसले, तर भरपाईचा जो भाग राहून जाणार तो जप्तीत वसूल होणाऱ्या पैशांतून द्यावा, असा आदेश न्यायालयाने द्यावाच लागतो. 'देऊ शकते' नव्हे, 'दिलाच पाहिजे'. त्यांचे सारेच चांगले असे म्हणणारा मी नव्हे. पण हे एक क्रियापद उसने आणण्यास हरकत नसावी.

ज्यांना इंग्रजांचे उदाहरण खुपेल त्यांना घरचे देतो. चोरांनी नेलेले धन राजाने ज्याचे त्याला परत द्यावे, ते स्वतः उपभोगील तर चोराचे पाप राजाला लागते, असे मनुस्मृती सांगते. आणि चोराकडून परत मिळविता आले नाही तर राजाने आपल्या खजिन्यातून भरून द्यावे, असे कौटिल्य म्हणतो. मनुस्मृती १९२७ साली महाडला जाळली गेली ती योग्यच जाळली गेली, असे मी मानतो. त्या ग्रंथाची वकिली मला करावयाची नाही. पण माणसामाणसांत एवढा भेद करणाऱ्या त्या ग्रंथालाही, चोरीचे धन परत देताना सर्व वर्णांना द्यावे असे म्हणावे लागले. आणि समतेची घटना असलेल्या आमच्या राज्यात दंडाची पावती फाडून पैसे खजिन्यात!

यावर मला दोन उत्तरे हमखास मिळतात. एक, "पैशांसाठी दिवाणी कोर्ट आहे ना!" आहे. ४१ बायकांनी ५-५ हजारांसाठी ४१ दावे लावावेत, वकील द्यावेत, एकदा सिद्ध झालेली फसवणूक पुन्हा सिद्ध करावी, आणि हुकूमनामा घेऊन ज्याचा प्लॉट विकला गेला त्याच्या दाराशी बसावे. हा सल्ला देणाऱ्याने स्वतः एकदा दिवाणी दावा लावून पाहावा, एवढेच मी म्हणतो. शिवाय भरपाई मिळाली तर पुढे दिवाणी कोर्ट ती रक्कम लक्षात घेते, हेही त्या कलमातच आहे. दुहेरी वसुलीची भीती नको.

दुसरे उत्तर अधिक विचारी लोकांचे असते. पैसे देऊन सुटण्याची सवय श्रीमंतांना लागेल. गरीब चोर तुरुंगात आणि श्रीमंत चोर घरी, असे होईल. ही भीती खोटी नाही. पण तिचे उत्तर भरपाई नाकारणे हे नव्हे. भरपाई ही कैदेच्या जागी नको, कैदेच्या जोडीने हवी; तिच्यामुळे शिक्षेचा एक दिवसही कमी होऊ नये. आणि ऐपत पाहूनच ती ठरवावी, असे न्यायालयांनी सांगितलेलेच आहे. भाकरी चोरणाऱ्याकडून लाख मागा असे कोणीच म्हणत नाही.

माझे मागणे फार मोठे नाही. फसवणुकीच्या प्रत्येक फिर्यादीत कोणाचे किती गेले याची यादी पहिल्या दिवशी जोडली जावी. कलम १०७ खालचा अर्ज करण्याची मुभा, पोलीस गप्प राहिले तर, नुकसान झालेल्यालाही असावी. शिक्षा सुनावण्यापूर्वी न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारावे, "भरपाईचे काय?" आणि उत्तर काहीही मिळो, ते निकालात लिहावे. आपल्या अधिकारातली रक्कम अपुरी पडते असे दिसले तर प्रकरण वर पाठविण्यात त्यांनी कमीपणा मानू नये. यांतल्या फक्त दुसऱ्या गोष्टीला कायदा बदलावा लागेल. बाकीच्यांना नुसती शाई पुरेल.

या वर्षी आमच्या गल्लीत पुन्हा एक दिवाळी फंड निघाला आहे. चालविणारी बाई चांगली आहे, असे सगळे म्हणतात. मावशींनी त्यात पैसे घातले नाहीत, पण त्यांच्या लेकीने घातले आहेत. मी त्या लेकीला एवढेच सांगितले की, प्रत्येक हप्त्याची सही आणि तारीख कार्डावर घे, आणि ते कार्ड जपून ठेव. तिच्या आईचे २०११ चे कार्ड माझ्या टेबलाच्या खणात आहे. ५० चौकटी आहेत, आणि पन्नासांतही सही आहे.